गोडी छाटणी आणि हिंसेचा प्रश्न
थंड प्रदेशात द्राक्षवेल हिवाळ्यात आपोआप पाने गाळून सुप्तावस्थेत जाते. नाशिकच्या उष्ण हवामानात तिला ही विश्रांती मिळत नाही, म्हणून निफाड-दिंडोरीच्या बागांत पावसाळा ओसरताच, शरद ऋतूत, घड यावेत यासाठी काड्या कापल्या जातात, आणि या कामाला गोडी छाटणी म्हणतात. जिवंत वेलीवरचा हा आघात हिंसा ठरतो काय? जैन विचारात वनस्पती हा एकेंद्रिय, म्हणजे केवळ स्पर्शज्ञान असलेला जीव होय. तरीही नाशिकजवळच्या गजपंथ या सिद्धक्षेत्री नांदणारी ही परंपरा गृहस्थासाठी संकल्पी हिंसा, म्हणजे मारण्याच्याच हेतूने केलेली, आणि उद्योगी हिंसा, म्हणजे उपजीविकेत अटळपणे घडणारी, असा भेद करते व पहिलीच पूर्णतः वर्ज्य मानते. गीतेच्या १५व्या अध्यायात अनासक्तीच्या शस्त्राने संसाररूपी अश्वत्थ छेदण्याचा उपदेश आहे, पण तो छेद वृक्षाच्या अंतासाठी आहे. बागाईतदाराचा छेद फळासाठी असतो, त्यामुळे ते रूपक (कितीही मोहक असले तरी) येथे लागू पडत नाही. जैन भेद अधिक प्रामाणिक आहे, कारण तो छाटणीला निर्दोष न म्हणता तिच्या दोषाचे प्रमाण ठरवतो. मात्र छाटणीनंतरच्या फवारणीत किडी मारण्याच्याच हेतूने मारल्या जातात, आणि तेथे संकल्पी व उद्योगी यांमधली सीमारेषा पुसट होते.