डोळसाची चाल



काल रविवार होता, आणि पाठ पहाटे न होता रात्री झाला. त्याचं कारण सांगितलं पाहिजे, कारण आजचं चिंतन त्यातूनच आलंय.

सध्या आपण तिसऱ्या अध्यायात आहोत. विसाव्या श्लोकात भगवंत जनकराजाचा दाखला देतात आणि तिथून पुढे लोकसंग्रह समजावतात. ज्याला स्वतःसाठी काही मिळवायचं राहिलेलं नाही, त्यानेही कर्म टाकू नये, कारण बाकीचे लोक त्याच्याकडे बघून पाऊल टाकतात. इथे माउलींनी वाटचालीचा दृष्टान्त घेतलाय. आंधळ्याच्या संगतीने निघालेला डोळस माणूस पुढे असतो, पण चालतो त्या आंधळ्याच्या बेताने. या ओवीवर मी आजवर चार-पाच वेळा तरी बोललो असेन. दर वेळी त्यातला डोळस म्हणजे मीच, हे न बोलता धरून चाललेलं.

तर काल काय झालं. माझ्या भाच्याचा सायकलवाल्यांचा एक ग्रुप आहे. जाड टायरच्या सायकली घेऊन ही मंडळी डोंगरातल्या कच्च्या वाटा धुंडाळतात. एमटीबी म्हणतात त्या सायकलींना. दिवे घाट चढायचा, झेंडेवाडीवरून मल्हारगडाच्या खालच्या खिंडीत जायचं, पलीकडे सोनोरीत उतरायचं आणि सासवड गाठायचं, असा बेत होता. "मामा, शेवटी सोपानकाकांचं दर्शन आहे," हे त्याने मुद्दाम सांगितलं. मला कशाने पाघळवायचं ते त्याला बरोबर ठाऊक. साठी उलटली असली तरी मी रोज तासभर सायकल चालवतो. म्हटलं, येतो.

पहाटे मस्तानी तलावापाशी चौदाजण जमलो. दिवे घाट मला नवा नाही. माउलींची पालखी एकादशीला पुण्याहून निघून सासवडला जाते ती याच घाटाने, आणि त्या दिवसाची चाल वारीतल्या सगळ्यात मोठ्या चालींपैकी एक. रथाला जादा बैलजोड्या लावतात, वळणावळणावर टाळांचा आवाज वर चढत जातो. हा घाट मी दर वर्षी कुठेही न बसता चढतो. याचा मला अभिमान आहे. होता म्हणू.

कालही डांबरी रस्त्यावर मी बरा होतो. सगळ्यात हलका गिअर टाकून हळूहळू वर आलो. खरी परीक्षा झेंडेवाडीच्या पुढे. वाट म्हणजे सुटे दगड, पावसाने पाडलेल्या चरी आणि दोन्ही बाजूंनी गुडघाभर गवत. कुसळं मोज्यात घुसतात ती वेगळीच. पण काय दृश्य होतं! उतारांवर सोनकीचा पिवळा गालिचा, वर मल्हारगडाची तटबंदी. हा गड पेशवाईत, पानिपतच्या थोडा आधी, पानसे सरदारांनी बांधला. महाराष्ट्रात बांधलेला शेवटचा किल्ला म्हणून त्याची ओळख आहे. भाचा म्हणाला, मामा, गडाकडे नंतर बघा, आधी वाटेकडे बघा.

उतारावर कसं जायचं ते त्यांनी मला शिकवलं. सीटवरून उठायचं, दोन्ही पेडल एका पातळीत ठेवायची, अंगाचा भार मागे न्यायचा, आणि दगडाकडे बघायचं नाही, दगडाशेजारच्या मोकळ्या जागेकडे बघायचं. नजर जिथे, सायकल तिथे. ऐकायला सोपं आहे. मी प्रत्येक दगडाकडे बघितलं आणि त्यातल्या बऱ्याच दगडांवर गेलो. एकदा पडलोही, गवतात, फारसं लागलं नाही. यावर ध्यानयोगाचं एक स्वतंत्र चिंतन होईल, पण ते पुन्हा कधी.

मी सगळ्यांत मागे होतो हे सांगायला नकोच. या लोकांचा नियम असा की वाट फुटली की थांबायचं आणि शेवटचा माणूस येईपर्यंत पुढे जायचं नाही. नियम चांगला आहे, पण त्यात एक गोम आहे, आणि ती शेवटच्यालाच कळते. पुढचे दहा मिनिटं आधी पोचलेले असतात, पाणी पिऊन, फोटो काढून ताजे झालेले असतात. शेवटचा धापा टाकत आला की "आले का सगळे? चला!" म्हणतात आणि निघतात. ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्याच्या वाट्याला ती येतच नाही. तिसऱ्या फाट्यावर मला खरंच राग आला. बोललो नाही.

माझ्या मागे एक पोरगा होता, पंचविशीतला. ग्रुपमध्ये एकाने मुद्दाम सर्वांच्या शेवटी राहायचं असतं, त्याला हे लोक स्वीप म्हणतात. कालची पाळी त्याची. तो पुढच्यांपेक्षाही चपळ होता. खिंडीच्या चढावर सगळेच सायकली ढकलत होते तेव्हा हा मात्र बसूनच चढू शकला असता, ते त्याच्या पायांकडे बघूनच कळत होतं. पण तोही उतरून ढकलत राहिला. माझा दम लागला की हा कशाला ना कशाला थांबायचा. "काका, एक मिनिट, बुटाची नाडी सुटली." मग मीही थांबायचो. असं तीन वेळा झालं. मनात म्हटलं, काय हा पोरगा, याला नाडी बांधता येत नाही.

सोनोरी मागे टाकून कऱ्हेकाठी सासवडला आलो. सोपानदेवांच्या समाधिमंदिराबाहेर सगळ्यांनी पादत्राणं काढली. तो पोरगा माझ्या शेजारीच वाकला आणि चर्र आवाज करत त्याने बूट मोकळे केले. त्याच्या बुटांना नाडी नव्हतीच. चिकटपट्टी होती.

मी आत गेलो, हात जोडले, पण लक्ष समाधीवर टिकेना.

ओवीतला डोळस पुढे आहे आणि हा पोरगा मागे होता, एवढा फरक कुणी दाखवेल. पण बेताने चालणं म्हणजे काय ते मला साठ वर्षांत पहिल्यांदा कळलं, तेही आंधळ्याच्या जागी उभं राहिल्यावर. आपल्यासाठी कुणी चाल कमी केलीय, याचा ओझ्यासारखा भार आंधळ्यावर पडत नाही. डोळस त्याला रस्त्यावर व्याख्यान देत नाही. तू हळू आहेस, हे जाणवू न देता तो हळू होतो.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. तीन वर्षांपूर्वी माझा थोरला भाऊ वारीला माझ्याबरोबर होता. त्याचे गुडघे तेव्हाच कुरकुरायला लागले होते. वडकी नाल्याचा विसावा झाला, घाट लागला आणि दुसऱ्या वळणावर तो म्हणाला, "जरा बसू रे." मी म्हटलं, "दादा, तू बस, मी वर जाऊन थांबतो." न थांबता चढायचा माझा नेम होता ना! वर थांबलो अर्धा-पाऊण तास. गर्दीत फोन लागेना. येईल मागून, असं म्हणत सासवडला गेलो. तो एका टेम्पोत बसून खाली उतरला आणि घरी गेला. त्यानंतर तो वारीला आला नाही. कधी बोलूनही दाखवलं नाही. उलट म्हणाला, "तू पुढे गेलास ते बरं केलंस."

इतकंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. त्या वर्षी चातुर्मासात आमच्या मंडळात माझं प्रवचन होतं. त्यात मी नाव न घेता हा प्रसंग सांगितला. पाय थकले की काहींची श्रद्धाही थकते, असं म्हणालो. लोकांनी माना डोलावल्या. दादा तिसऱ्या रांगेत बसला होता.

हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. रात्री पाठाला बसलो आणि तीच ओवी समोर आली, तेव्हा पुढे वाचवेना.

देवळाबाहेरून दुपारीच दादाला फोन केला होता. म्हटलं, सासवडला आहे, सायकलवर आलोय. तो हसला. "या वयात? घाट कसा चढलास?" म्हटलं, "घाट चढलो रे, पुढच्या डोंगरात मात्र थांबत थांबत. एक पोरगा होता मागे." तो म्हणाला, "मग ठीक." थोडा वेळ दोघंही गप्प होतो. मागून वहिनींनी चहाला हाक मारली आणि फोन ठेवला. जे बोलायचं होतं ते बोललो नाही. फोनवर ते बोलताही येणार नाही.

येत्या रविवारी त्याच्याकडे जातोय. त्या दिवशीचाही पाठ उशिरा होईल, सांभाळून घ्या.

राम कृष्ण हरी.