कच्चे असण्याचा हक्क

आमच्या पिढीने अक्षरे गिरवली ती दगडी पाटीवर. पेन्सिलीची करकर, ओल्या फडक्याचा तो कुबट वास आणि फडके घरी विसरल्यावर थुंकी लावून पाटी पुसली म्हणून पाठीत बसलेला धपाटा, हे सारे पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना आठवत असेल. त्या पाटीचा एक मोठा गुण मात्र तेव्हा कुणाच्या ध्यानी आला नव्हता. पाटी आमच्या चुका लक्षात ठेवत नसे. ‘ळ’ शंभर वेळा चुकला तरी एकशे एकाव्या वेळी ती पहिल्याइतकीच कोरी असे. माणसाने चुकत चुकत शिकावे आणि चुकीचा मागमूसही उरू नये, अशी ती सोय होती. तिची किंमत मला कळली ती मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून बरीच वर्षे झाल्यावर, आणि तीही एका लहान मुलाचा अपराध माझ्या हातून घडल्यानंतर.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या हायस्कुलात दोन वर्षांपूर्वी सहा थ्री-डी पेन आले. बेंगळूरला नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याची ती भेट. दिसायला हा पेन जाडसर मार्करसारखा. मागच्या भोकातून पावणेदोन मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची तार आत सारायची आणि बटण दाबायचे. आतली लहानशी मोटर तार पुढे ढकलते, टोकाशी ती सुमारे २०० अंश सेल्सिअसला वितळते आणि शेवईसारखी बाहेर पडते. हवा लागली की काही सेकंदांत पुन्हा कडक. त्यामुळे कागदावर रेघ ओढता ओढता हात सावकाश वर नेला, तर रेघही कागद सोडून उभी राहते. आमचे गणिताचे शिक्षक आयुष्यभर फळ्यावर तुटक रेघा काढून, ‘ही कड मागे आहे असे समजा’ असे सांगत आले. पहिल्याच दिवशी एका मुलीने बारा कडांचा घन त्यांच्या तळहातावर ठेवला, तेव्हा ते काही वेळ नुसतेच त्याकडे पाहत राहिले. दृष्टिहीन मुलांना बोटांनी चाचपून कळतील अशा आकृतीही या पेनाने काढता येतात. तेव्हा हे निव्वळ श्रीमंतांच्या मुलांचे खेळणे आहे, असे म्हणून मी तरी त्याला झिडकारणार नाही.

या पेनाची जन्मकथाही सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या सॉमरव्हिल गावी मॅक्सवेल बोग आणि पीटर डिलवर्थ हे दोघे खेळणी बनवण्याच्या उद्योगात होते. त्रिमितीय वस्तू घडवणाऱ्या यंत्रावर त्यांचे एक काम कित्येक तास चालले होते, आणि यंत्राने मध्येच एक रेघ गाळली. आता सारे पुन्हा पहिल्यापासून! यंत्राचे तोंडच काढून हातात धरले आणि ती फट भरून टाकली तर, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्यातून हा पेन निघाला. २०१३ साली ‘किकस्टार्टर’वर त्यांनी लोकांकडे ३०,००० डॉलर मागितले, तर २३ लाखांहून अधिक जमले. म्हणजे एका चुकीला सांभाळून घेण्यासाठी जन्मलेले हे साधन. आमच्या शाळेत त्याचे काय झाले ते आता सांगतो.

आठवीतला एक मुलगा होता. वडिलांचे सायकल दुरुस्तीचे दुकान. इतर मुले पेनाबरोबर आलेल्या नमुन्यांच्या कागदावर फुलपाखरू ठेवून गिरवत. याला मात्र सायकल हवी होती, आणि तीही चाके फिरणारी. चाक काही केल्या जमेना. वर्तुळाची दोन टोके जुळत नसत. जुळलीच तर आरे जोडताना प्लास्टिक थंड होऊन आखडे आणि धाव वाकडी होई. रोज मधल्या सुट्टीत तो बसे आणि रोज दोन-तीन वाकडी चाके चपलांच्या एका रिकाम्या खोक्यात जात. टाकवत नव्हती म्हणून ती त्याने जपून ठेवली होती.

तो खोका माझ्या नजरेस पडला. आमच्या शाळेने प्लास्टिकविरोधी शपथ घेतलेली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली, तेव्हा गावातून फेरी काढली होती आणि फेरीच्या अग्रभागी मीच होतो. मी तो खोका प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर उंच धरला आणि म्हणालो, “हे पाहा. एका सायकलीसाठी एवढा कचरा. हा तुमच्या नातवंडांनाही पुरून उरेल.” मुले हसली. तो मुलगा खाली मान घालून उभा राहिला. त्यानंतर मी नियम केला की प्रत्येकाला महिन्याला तीन मीटर तार, म्हणजे साधारण नऊ ग्रॅम. जास्त मिळणार नाही.

नियमाचा परिणाम ताबडतोब दिसला. कचरा जवळजवळ बंद झाला. मुलांनी केलेल्या वस्तू सुबक होऊ लागल्या. चष्मे, फुलपाखरे, मनोरे. पाहुण्यांनी कौतुक केले. दोन-तीन महिन्यांनी मांडणीतल्या वस्तू सहज पाहत असताना माझ्या लक्षात आले, की यातली एकही वस्तू मुलांची नव्हती. सगळी नमुन्याच्या कागदावरून गिरवलेली. तीन मीटरात चुकायला जागाच नव्हती, म्हणून कुणी स्वतःचे काही करून पाहतच नव्हते. आणि सायकलवाला मुलगा त्या खोलीत पुन्हा आलाच नव्हता.

कुंभार घरातली नववीतली एक मुलगी त्या खोलीत नेहमी असे. तिने एक दिवस विचारले, “सर, हे पुन्हा मळता येत नाही काय?” प्रश्न साधा होता. आम्ही गरम पाण्यात तिची एक मोडकी आकृती बुडवून पाहिली. ती मऊ झाली, वाकली, पण तिचा गोळा काही झाला नाही. आमच्या विज्ञानाच्या शिक्षिका म्हणाल्या, “ही तार पॉलिलॅक्टिक आम्लाची, मका किंवा ऊस यांच्यापासून होते म्हणून पुड्यावर ‘निसर्गात कुजणारी’ असे छापतात. पण ती कुजते ती साठेक अंश तापमान राखणाऱ्या औद्योगिक खतप्रकल्पात. आपल्या परसातल्या उकिरड्यावर ती वर्षानुवर्षे तशीच पडून राहील.” लहान मुलांच्या पेनात साठेक अंशांनाच वितळणारे दुसरे एक प्लास्टिक असते, ते गरम पाण्यात मळता येते म्हणतात, पण आमच्याकडे ते नव्हते.

पुढच्या रविवारी मी त्या मुलीच्या आजोबांकडे गेलो. चाकावर मडके वर येत होते आणि एकाएकी त्याची कड कलली. म्हाताऱ्याने हाताच्या एका फटक्यासरशी त्याचा गोळा केला आणि पुन्हा चाकावर टाकला. चेहऱ्यावर खेदाची रेषही नाही. मी विचारले, “आजोबा, दिवसात अशी किती मोडता?” ते हसले. “मोजतंय कोण गुरुजी? कच्चं हाय तवर माती. एकदा आव्यात गेलं, की मग मडकं न्हाईतर खापर.”

घरी परतताना हे वाक्य मनात घोळत राहिले. मातीला उगाच मोठेपणा देण्यात अर्थ नाही. भाजलेली मातीही कुजत नाही. हजारो वर्षांपूर्वीच्या खापऱ्या उकरूनच आपण हडप्पाचा इतिहास वाचतो. फरक वस्तूत कमी आणि घडण्याच्या रीतीत अधिक आहे. कुंभाराकडे घडवणे आणि भाजणे या दोन क्रियांच्या मध्ये एक अवकाश असतो. त्या अवकाशात चूक ही नुसती चूक असते, तिचे खापर झालेले नसते. पेनामध्ये घडवणे आणि भाजणे एकाच क्षणी होते. रेघ बाहेर पडली की पक्की. चुकीला माती होऊन परत जायला वाटच नाही.

आपल्या संतपरंपरेत गोरोबाकाकांची कथा आहे. संतमंडळी जमली असताना थापटण्याने एकेकाच्या डोक्यावर थापटून त्यांनी कोण पक्के आणि कोण कच्चे ते सांगितले, आणि नामदेवांना कच्चे ठरवले. कीर्तनातून ही गोष्ट ऐकताना आपण नामदेवांच्या फजितीवर हसतो. पण पुढचा भाग विसरू नये. नामदेव कच्चे होते म्हणूनच विसोबा खेचरांकडे जाऊन शिकू शकले. ‘गणितात कच्चा’, ‘व्याकरणात कच्चा’ हे शब्द आम्ही शिक्षक प्रगतिपुस्तकावर दूषण म्हणून लिहीत आलो. कुंभाराच्या भाषेत तो दोष नाही, ती आशा आहे.

मग प्रश्न उरतो तो असा. शिकणाऱ्याला चुकण्याचा हक्क हवा, हे कुणीही मान्य करील. पण ज्या चुकीचा अवशेष आपल्यामागे उरणार आणि ज्यांनी ती केली नाही त्यांच्या वाट्याला जाणार, तिचाही हक्क द्यायचा काय? आधी कागदावर आखून घ्या, मग पेन धरा, हा उत्तम सल्ला आहे आणि तो मी दिलाही. पण थंड होताना प्लास्टिक किती आखडते हे कागद सांगत नाही. ते हातालाच कळावे लागते, आणि हाताला कळायचे तर चाके बिघडावीच लागतात. तेव्हा काही नासाडी टाळता येते आणि काही नासाडी हीच शिकवणीची फी असते. ती फी कुणी भरायची, हा खरा नैतिक प्रश्न.

मी ती त्या मुलाकडून वसूल केली होती. एक दिवस त्याचा खोका प्रयोगशाळेतल्या तराजूत घालून पाहिला. साडेतीनशे ग्रॅम भरला. मग स्नेहसंमेलनाचा गुंडाळून ठेवलेला फ्लेक्सचा फलक आणून तोही तोलला. दहा बाय सहा फुटांचा. दीड किलोच्या वर गेला. त्यावर मान्यवरांबरोबर माझेही हसरे छायाचित्र होते. दोन दिवसांच्या शोभेपलीकडे त्या फलकापासून कुणी काही शिकले नव्हते आणि त्याबद्दल मला कुणी प्रार्थनेच्या वेळी उभे केले नव्हते. ज्याच्याकडे सत्ता असते त्याचा कचरा समारंभ ठरतो आणि ज्याच्याकडे नसते त्याचा प्रयत्नही कचरा ठरतो. हे मी वर्तमानपत्रांतून मोठमोठ्या लोकांविषयी वाचत आलो होतो. माझ्या शाळेत ते माझ्याच हातून घडले होते.

आमच्या शाळेत कन्नड शिकवणाऱ्या बाई एकदा बोलता बोलता म्हणाल्या, “सर, आमच्यात चुकीलाही ‘तप्पु’ म्हणतात आणि अपराधालाही ‘तप्पु’च. कोणता अर्थ घ्यायचा ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून ठरवायचे.” मराठीत आपण ‘चूक’ आणि ‘अपराध’ हे शब्द वेगळे ठेवले आहेत, पण त्या दिवशी माझ्या तोंडाकडे पाहून मुलांनी अर्थ एकच घेतला असणार. आपल्याकडे आणखी एक प्रयोग आहे, ‘हिशेब चुकता करणे’. मला वाटते, चुकण्याचा हक्क मुलाचा आणि तो हिशेब चुकता करण्याचे कर्तव्य मोठ्यांचे, अशी वाटणी न्याय्य होईल. हिशेब ठेवूच नये असे मी म्हणत नाही. उरलेले प्लास्टिक खरेच उरते आणि पृथ्वीला आपल्या सद्‌हेतूंशी काही देणेघेणे नाही. पण तो हिशेब मुलाच्या मानगुटीवर बसवला, तर मूल चुकणे सोडत नाही, प्रयत्न सोडते. प्लास्टिकपेक्षाही लवकर कडक होणारी गोष्ट म्हणजे चारचौघांत ऐकलेला शब्द. तो शब्द मी एका कच्च्या मडक्यावर उच्चारला होता.

त्यानंतर मी तीन गोष्टी केल्या. तीन मीटरांचा नियम काढला आणि त्याऐवजी अशी रीत घातली, की नव्या वस्तूचा आकार आधी चिकणमातीत किंवा बारीक तारेत साधायचा आणि जे माती शिकवू शकत नाही तेवढ्यापुरताच पेन धरायचा. शाळेच्या कार्यक्रमांचे फ्लेक्स बंद केले. आता आमच्या चित्रकलेच्या बाई कापडावर रंगाने अक्षरे काढतात. आणि तिसरी गोष्ट, तो खोका घेऊन पुन्हा प्रार्थनेला उभा राहिलो. “त्या दिवशी मी याला कचरा म्हणालो ते चुकलो. ही बिघडलेली चाके आहेत. कचरा करणारा चाक सुधारत बसत नाही.” या वेळी कुणी हसले नाही. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मुलांसमोर ‘चुकलो’ म्हणण्याची ती माझी पहिलीच वेळ असावी, आणि ती इतक्या उशिरा यावी याची मला खंत आहे.

तो मुलगा लगेच परतला असे नाही. महिना-दीड महिना तो खोलीच्या दारापाशी घुटमळे आणि निघून जाई. शब्द मागे घेतला तरी त्याची खापरी उरतेच. पण गेल्या दिवाळीत मी त्यांच्या गल्लीतून जात होतो. पोरांनी नेहमीप्रमाणे दगड-मातीचा किल्ला केला होता, वर अळीव पेरले होते, मावळे मांडले होते. पायथ्याशी एक छोटी सायकल उभी होती. शिवकालात सायकल कशी, असे विचारण्याचा मोह मी आवरला. पुढचे चाक किंचित वाकडेच होते, पण बोट लावले तेव्हा फिरले.

तुळशीचे लग्न झाल्यावर किल्ला पाण्याने भिजवून अंगणात पसरला गेला. माती मातीत गेली. सायकल तेवढी त्याने धुऊन, पुसून घरात नेली.