शूर खरे, पण कोणासाठी?

शौर्याचा गौरव करताना ते कोणाच्या कामी आले, हे विचारावे की विचारू नये? महाभारत शिकवताना भीष्म-कर्णांपाशी हा प्रश्न आम्हां शिक्षकांना हटकून अडवतो. अमेरिकेच्या यादवी युद्धातील एका पलटणीची हकिगत वाचताना तो पुन्हा समोर उभा राहिला.

गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेकडील राज्ये संघराज्यातून फुटली. त्यांच्या सैन्यातली ही नॉर्थ कॅरोलायनाची २६ वी पायदळ पलटण. १ जुलै १८६३ रोजी गेटिसबर्गच्या रणात ती सुमारे ८०० सैनिकांनिशी उतरली. त्या एकाच दिवशी ५५० हून अधिक ठार वा जखमी झाले. निशाणधारी एकामागून एक पडत होते, पुढचा ते उचलीत होता. एकवीस वर्षांचे कर्नल हेन्री बर्गविन निशाणापाशीच कोसळले. मग लेफ्टनंट कर्नल जॉन लेन पुढे झाले. तेही गोळी लागून पडले, पण वाचले. उरलेले सैनिक ३ जुलैला पुन्हा चढाईवर गेले.

या धैर्याला कोण नावे ठेवील? पण या नव्या राज्याचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मध्येच सांगून टाकले होते, की काळ्यांची गुलामी हाच आमचा पाया. बर्गविन घराण्याची शेतीही गुलामांच्याच घामावर पिकत होती. उलट पलटणीत साधे शेतकरीही पुष्कळ होते. १८६२ मध्ये सक्तीची भरती आली, तीत वीस गुलामांमागे एका गोऱ्याला सूट! मरण गरिबाचे, राखण धनिकाच्या मालमत्तेची.

१९०३ साली त्याच रणभूमीवर लेन आणि त्यांच्यावर गोळी झाडणारे मिशिगनचे चार्ल्स मॅक्कॉनेल भेटले, त्यांनी हातात हात घेतले. डोळे पाणावावेत असाच प्रसंग. पण तिथे तिसरा हात नव्हता. ज्याच्या मुक्तीसाठी एवढे रक्त सांडले, त्याचा. नॉर्थ कॅरोलायनाने तीनच वर्षांपूर्वी, १९०० साली, घटनादुरुस्ती करून बहुतेक काळ्या नागरिकांचा मताधिकार हिरावला होता.

जोतीराव फुल्यांना हा तिसरा माणूस पुण्यातून दिसला होता. १८७३ सालचे ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले.

शूराला शूर म्हणण्यास माझी हरकत नाही. मुलांना मी एवढेच सांगतो: रणात किती पडले ते मोजा, पण ते जिंकले असते तर कोणाच्या पायांतल्या बेड्या तशाच राहिल्या असत्या, तेही मोजायला विसरू नका.