धृती आधी, उत्साह मागून (गीता १८.२६)



आजचा श्लोक अठराव्या अध्यायातला सव्विसावा. 'सात्त्विक कर्ता' कोणाला म्हणायचं ते भगवान इथे सांगतात. त्याची आसक्ती सुटलेली असते, 'मी केलं' ही भाषा त्याच्या तोंडी नसते, तो धृती आणि उत्साह यांनी भरलेला असतो, आणि काम तडीला गेलं काय किंवा फसलं काय, आतून हलत नाही. पहिल्या दोन आणि शेवटच्या खुणेवर आपण पुष्कळ ऐकलेलं असतं. धृती आणि उत्साहावरून मात्र वाचणारे पटकन पुढे जातात. मला आज तिथेच थांबायचंय.

कारण आमच्या रविवारच्या गीतापठणाला येणाऱ्या एका मुलाने परवा विचारलं, "दादा, जिमचे वर्षाचे पैसे भरलेत, बूट आहेत, घड्याळ आहे. फक्त मोटिव्हेशन नाहीये. ते कुठून आणायचं?" सगळे हसले. पण हसणाऱ्यांपैकी निम्म्यांची तीच गत होती, आणि फक्त व्यायामाच्या बाबतीत नाही. माळ आहे, पोथी आहे, ॲपमध्ये रोजचं स्मरणपत्र आहे, आणि तरी बसणं होत नाही.

मोटिव्हेशनला आपल्याकडे जुना शब्द आहे, उत्साह. आणि गंमत बघा, भगवान उत्साह एकटा सांगत नाहीत. त्याच समासात त्याच्या आधी धृती आहे. धृती म्हणजे धरून ठेवण्याची ताकद. धर्म, धारणा हे शब्द त्याच धातूचे. आता समासातला क्रम व्याकरणाने ठरतो, त्यावर सिद्धांत उभारू नये, असं कोणी म्हणेल तर ते मान्य. पण मग दहा श्लोक पुढे चला. छत्तीस आणि सदतीसमध्ये सात्त्विक सुखाचं वर्णन आहे. तिथे स्पष्ट सांगितलंय की त्या सुखात माणूस अभ्यासाने रमायला लागतो, आणि ते सुरुवातीला विषासारखं लागतं, शेवटी अमृतासारखं. म्हणजे गोडी आधी आणि अभ्यास नंतर, असा क्रम भगवंतांनी कुठे दिलेलाच नाही. आपण मात्र गोडी लागण्याची वाट बघत गादीवर पडून राहतो. विषासारखं लागतंय म्हणजे काहीतरी चुकतंय, असं आपण धरून चालतो. पहिल्या आठवड्यात नको वाटणं हे तर श्लोकातच लिहिलेलं आहे!

आणि धृती माझ्यात नाहीच, असंही कोणी म्हणू नका. पस्तिसावा श्लोक वाचा. झोप, भीती, शोक, खिन्नता आणि मद या गोष्टी माणूस ज्या धृतीने सोडत नाही, ती तामस धृती. म्हणजे सकाळी सहा वेळा स्नूझ दाबणाऱ्याकडेही धृती आहे, चांगली दणकट आहे. फक्त ती उशीला धरून बसलीय. मला हा श्लोक फार आवडतो. ताकद नव्याने मिळवायची नाहीये, तिची पकड एका ठिकाणाहून सोडवून दुसरीकडे लावायची आहे.

हे मी लिहितोय त्याला घरचं कारण आहे. माझ्या वडिलांना मधुमेह आहे आणि गुडघे गेलेत. त्यांना मांडी घालता येईना, म्हणून आम्ही देव्हारा उंचावर घेतला. आता ते खुर्चीवर बसून पूजा करतात. कधी काही बोलत नाहीत, पण पाटावर बसून चाळीस वर्षं पूजा केलेल्या माणसाला खुर्ची टोचतेच. गेल्या वर्षी कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं एचबीएवनसी ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, रोज अर्धा तास शरीर हलवा. घरी आल्यावर माझं लक्ष आधी त्या खुर्चीकडे गेलं. सत्तराव्या वर्षी मला पाटावर बसता यायला हवंय. माझं ध्येय विचाराल तर एवढंच आहे.

पण 'सत्तराव्या वर्षी पाटावर' हे ध्येय सकाळी पावणेसातला कोणाला उठवत नाही. तिथे कामी येतो तो पूजेतला संकल्प. घरी सत्यनारायण असतो तेव्हा गुरुजी काय म्हणतात ते कधी नीट ऐकलंय? भरतखंडापासून सुरुवात करून दंडकारण्य, गोदावरीचा कोणता तीर, मग शक, संवत्सर, अयन, ऋतू, महिना, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र. मग तुमचं गोत्र, तुमचं नाव. आणि मग कोणतं कर्म करणार ते. कुठे, कधी, कोण, काय, एकही गोष्ट मोघम ठेवलेली नाही. 'यंदा जरा भक्ती वाढवावी म्हणतो' असा संकल्प कोणताही गुरुजी सांगणार नाहीत. आणि आपण मात्र एक जानेवारीला म्हणतो, 'या वर्षी फिट व्हायचंय.' यात ना स्थळ, ना काळ, ना कर्म. ऑफिसात असं तिकीट कोणी टाकलं तर आपण ते परत पाठवू.

मग संकल्प असा हवा: पुण्यातल्या या घरात, देव्हाऱ्यासमोर, सोमवार ते शनिवार, सकाळी ६:४० वाजता, अमुक गोत्राचा मी, बारा सूर्यनमस्कार घालीन. बारा यासाठी की सूर्याची नावंही बारा. प्रत्येक नाव घेऊन एक नमस्कार, सावकाश घातले तरी आठ-दहा मिनिटांत होतात. उरलेली वीस मिनिटं चालणं, नाम घेत. ज्यांचे गुडघे, पाठ किंवा रक्तदाब यांची तक्रार आहे त्यांनी नमस्काराआधी डॉक्टरांना विचारावं, आणि नुसतं चालावं. चालणंही कर्मच आहे.

यात 'आठ किलो कमी करीन' हे कुठेच नाही, हे लक्षात आलं असेल. वजन हे फळ आहे. फळावर अधिकार नाही हे दुसऱ्या अध्यायात सांगून झालंय, आणि ज्याने कधी वजनकाटा वापरलाय त्याला ते शास्त्रावाचूनही कळतं. एका दिवसाच्या मिठाने आणि पाण्याने काटा वरखाली होतो. नमस्कार घातले की नाही, एवढं मात्र पूर्ण माझ्या हातात आहे.

इथे एक शंका येते, आणि ती टाळून चालणार नाही. सहाव्या अध्यायाच्या चौथ्या श्लोकात योगारूढाला सर्व संकल्प टाकलेला म्हटलंय. चोविसाव्यातही संकल्पातून जन्मणाऱ्या कामना टाकायला सांगितलंय. मग आपण संकल्प करतोय ते उलटं नाही का? मला वाटतं, नाही. जो टाकायचा तो कल्पनेतला संकल्प. म्हणजे 'असं शरीर होईल, असा फोटो टाकीन, अमक्याला दाखवीन' ही मनातल्या मनात चाललेली फळाची चित्रं. या चित्रांनीच आपला उत्साह खाल्लाय. चित्र बघूनच अर्धं समाधान मिळतं, आणि तिसऱ्या दिवशी आरशात ते दिसलं नाही की हातपाय गळतात. पूजेच्या संकल्पाचं तसं नाही. त्यातही आयुष्य, आरोग्य, ऐश्वर्य मागितलेलं असतं, मागायला ना नाही. पण मागून झालं की शेवटी काय करतात? तळहातावरचं पाणी ताम्हनात सोडतात. हात रिकामा होतो आणि मग पूजा सुरू होते. एकदा मागितलं, सोडलं, आता कर्म. दर दोन दिवसांनी काट्यावर उभं राहणं म्हणजे सोडलेलं पाणी ताम्हनातून परत ओंजळीत घ्यायला बघणं.

मोठं ध्येय नकोच, असा याचा अर्थ नाही. समर्थ रामदासांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तपश्चर्या केली आणि तेरा कोटी जप केला, असं परंपरा सांगते. माझ्यातल्या इंजिनिअरने लगेच भागाकार केला. बारा वर्षांचे साधारण चार हजार तीनशे ऐंशी दिवस. म्हणजे दिवसाला तीस हजारांच्या जरा खाली. तेरा कोटी ऐकून छाती दडपते, पण सकाळी उठून कोणालाच तेरा कोटी करायचे नसतात, आजचे करायचे असतात. त्याच समर्थांच्या परंपरेत सूर्यनमस्कार आले आणि गावोगावी मारुती बसले. उपासना आणि शरीर ही दोन वेगळी खाती आहेत, हे आपण नंतर ठरवलेलं आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तर संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू केले, आणि स्वतःही घालत राहिले.

वारीत गेलात तर हेच दिसेल. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते तेव्हा मध्ये दिवे घाट असतो, दिवसभरात तीस किलोमीटरच्या आसपास चाल. सत्तरीची आजी डोक्यावर तुळस घेऊन घाट चढते. तिला विचारा, आजी, मोटिव्हेशन काय? ती आपल्याकडे बघत राहील. पालखी निघाली, दिंडी निघाली, आता चालायचं. वेळ तिने ठरवलेली नाही, म्हणून ती मनाला विचारायला थांबत नाही. सर्व्हरवरचा क्रॉन जॉबही ६:४० ला चालतो, त्याला कोणी मूड विचारत नाही. (दिंडीची तुलना क्रॉन जॉबशी केल्याबद्दल माउली रागावणार नाहीत अशी आशा आहे.)

आणि खंड पडला तर? हा प्रश्न अर्जुनाने आपल्यासाठी विचारून ठेवलाय, ६.३७ आणि ३८. श्रद्धा आहे पण प्रयत्न अपुरा पडला, मन भरकटलं, तर असा माणूस फाटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून जातो का? ॲपवाले म्हणतात, हो. एक दिवस चुकला की साखळी शून्यावर. भगवंतांचं उत्तर चाळिसाव्या श्लोकात आहे, आणि तिथे ते अर्जुनाला लेकराला म्हणावं तसं 'तात' म्हणतात. चांगलं करणाऱ्याची दुर्गती होत नाही. पुढे तर असंही येतं की आधी केलेला अभ्यासच त्याला पुन्हा ओढून आणतो. केलेले नमस्कार शून्य होत नाहीत, ते कुठेतरी जमा असतात.

रिलीजच्या रात्री तीनपर्यंत जागरण झालं असेल तर सकाळी सहाला उठून नमस्कार घालणं याला मी तप म्हणणार नाही. ६.१६ आणि १७ मध्ये आहाराइतकीच झोपही बेताची सांगितलीय, फार झोपणाऱ्याला योग नाही तसा जागत राहणाऱ्यालाही नाही. त्या दिवशी झोपा. दुसऱ्या दिवशी परत बाराच घाला, चोवीस नाही. देवाकडे थकबाकीवर व्याज लागत नाही.

त्या मुलाला मी एवढंच सांगितलं की जिम राहू दे, मला तीन गोष्टी लिहून दे: जागा, वेळ, आकडा. त्याने मोबाइलवर लिहिलं, 'गच्ची, ७:००, पाच नमस्कार.' पाच ऐकून शेजारचा हसला. मी हसलो नाही.

उद्या सत्ताविसावा श्लोक, राजस कर्ता. तो फार ओळखीचा निघणार आहे.

श्रीकृष्णार्पणमस्तु.