बंदूक कोणासमोर होती?

परदेशातल्या युद्धात स्वखुशीने उतरलेला माणूस पुढे खुनाच्या किंवा दहशतवादाच्या गुन्ह्यात दोषी ठरला, की आपल्याकडे एक वाक्य तयार असते : युद्धाने माणूस बिघडतो. कल्याणचे चार तरुण २०१४ मध्ये आयसिसमध्ये सामील व्हायला इराकला गेले, तेव्हापासून हे वाक्य अग्रलेखांत आणि दूरचित्रवाणीवरच्या चर्चांत सतत येत राहिले आहे. ते समंजस वाटते, गेलेल्या मुलांविषयी त्यात थोडी कणवही आहे. पण मला ते उथळ वाटते. आणि त्याहून गंभीर म्हणजे, गुन्हा नेमका कोणाविरुद्ध घडला याचा त्यामुळे विसर पडतो.

बेकारीकडे बोट दाखवणाऱ्यांनी एवढेच आठवावे की कल्याणची ती मुले इंजिनिअरिंगची वाट धरलेली होती. धर्मालाच कारण ठरवणाऱ्यांनी १९३६ नंतरच्या स्पेनच्या यादवी युद्धाकडे पाहावे. तिथे जगभरातून गेलेल्या हजारो स्वयंसेवकांत निरीश्वरवादी थोडेथोडके नव्हते. खरा सामना ‘युद्धाने बिघडतो’ या मताशीच आहे, कारण ते सुशिक्षितांचे मत आहे.

पहिली गोष्ट, ते आकड्यांवर टिकत नाही. नॉर्वेचे अभ्यासक थॉमस हेगहॅमर यांनी १९९० ते २०१० या काळात पाश्चात्त्य देशांतून परक्या रणांगणांवर गेलेल्या जिहादींचा मागोवा घेतला. परतून मायदेशी हल्ल्याच्या कटात सामील झालेले नवांत एकापेक्षा जास्त नाहीत, असा त्यांचा २०१३ चा निष्कर्ष आहे. हे प्रमाण भयावह आहेच. पण युद्धच बिघडवत असेल, तर उरलेल्या आठांचे काय झाले?

दुसरी गोष्ट नागपूरची. गोपाळ मुकुंद तथा बाळाजी हुद्दार हे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह. १९३१ च्या बालाघाट इथल्या राजकीय दरोड्यात ते दोषी ठरले आणि तुरुंगात गेले. सुटल्यावर ते लंडनला पोचले, तिथून ‘जॉन स्मिथ’ हे नाव धारण करून स्पेनच्या प्रजासत्ताकाच्या बाजूने लढणाऱ्या आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये दाखल झाले, १९३८ मध्ये फ्रँकोच्या फौजांच्या हाती सापडले आणि सान पेद्रो दे कार्देन्याच्या छावणीत युद्धकैदी म्हणून राहिले. परतल्यावर ते कम्युनिस्ट पक्षात गेले. म्हणजे शिक्षा आधी आणि युद्ध नंतर. ‘बिघडतो’ म्हणणाऱ्यांच्या मांडणीत या आयुष्याला जागाच नाही.

आता मेहदी नेमूश घ्या. या फ्रेंच तरुणानेही आधी लुटीच्या गुन्ह्यात तुरुंग भोगला होता. तो सीरियात गेला, परतला, आणि मे २०१४ मध्ये ब्रुसेल्सच्या ज्यू संग्रहालयात त्याने चार माणसे मारली. २०१९ मध्ये त्याला जन्मठेप झाली. हुद्दार आणि नेमूश, दोघेही आधी शिक्षा झालेले, दोघेही परमुलखात स्वेच्छेने गेलेले. मग वाटा इतक्या वेगळ्या का झाल्या? यावर उत्तर येते : स्पेनचे ध्येय उदात्त होते. हे उत्तर युद्धाला सोडून ध्येयाला पकडते, म्हणजे मूळ मत सोडूनच देते. शिवाय ते अपुरे आहे. स्पेनमध्ये प्रजासत्ताकाच्या बाजूनेही कैदी आणि धर्मगुरू मारले गेले. उदात्त ध्येयाने हात आवरले नाहीत.

नेमूशच्या बाबतीत मला निर्णायक वाटते ती गोष्ट पॅरिसच्या न्यायालयात मार्च २०२५ मध्ये ठरली. सीरियात फ्रेंच पत्रकारांना ओलीस धरून त्यांच्यावर पहारा ठेवल्याबद्दल त्याला पुन्हा जन्मठेप झाली. तो तिथे तुरुंगाधिकारी होता. उलट गोळी झाडू शकणाऱ्या माणसासमोर उभे राहणे आणि हात बांधलेल्या माणसावर सत्ता चालवणे, या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत भीती असते, थकवा असतो, शरणागती असते, शेवट असतो. दुसरीत विरोध नसतो, म्हणून मर्यादाही नसते. आणि तिची चटक लागली की ती माणसाबरोबर घरी येते. एकच माणूस सकाळी खंदकात आणि रात्री कोठडीच्या दारावर असू शकतो, रेषा नेहमी स्वच्छ नसते, हे मान्य. तरी न्याय करायचा तर याच रेषेवर करावा लागेल.

ही कसोटी आपल्या माणसांनाही लावली पाहिजे. वासुदेव बळवंत फडके आमच्या पनवेल तालुक्यातल्या शिरढोणचे. त्यांनी निजामाच्या मुलखातून रोहिल्यांची फौज जमवण्याची खटपट केली. मे १८७९ मध्ये त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांच्या टोळीने पळस्पे आणि चिखलीवर दरोडा घातला. फडके यांना आजन्म काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनमध्ये त्यांचा अंत झाला. मी त्यांच्यापुढे नतमस्तक आहे. इंग्रजी सत्तेविरुद्धचे त्यांचे बंड हे युद्धच होते. पण पळस्प्याच्या घराघरांत शिरलेली टोळी सत्तेसमोर उभी नव्हती. साथीदारांची नजर लुटीवर आहे याची खंत फडके यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. त्यांना जे दिसत होते ते आपण त्यांच्या गौरवासाठी झाकण्याचे कारण नाही.

आपला कायदा मात्र ही रेषा जवळपास ओळखतच नाही. जुन्या दंड संहितेचे कलम १२५ भारताशी मैत्री किंवा शांततेचे संबंध असलेल्या आशियाई सत्तेविरुद्ध युद्ध करण्यापुरते होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १५३ ने त्यात शांततेचे संबंध असलेले कोणतेही परकीय राष्ट्र आणले. दोन्हींत फिर्यादी जणू ते परकीय सरकार. मोसुलला आयसिसमध्ये राहून आलेल्या केरळच्या सुबहानी हाजा मोइदीनला कोचीच्या विशेष न्यायालयाने २०२० मध्ये जन्मठेप दिली, त्यात हे कलम १२५ होते. मोसुलमधल्या कोणावर काय अत्याचार झाला, हा प्रश्न त्या कलमाच्या कक्षेतच येत नाही. जर्मनीने दुसरी वाट धरली. आयसिसमध्ये गेलेल्या एका जर्मन स्त्रीला २०२१ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने शिक्षा दिली, ती उन्हात बांधून ठेवल्याने तहानेने मेलेल्या पाच वर्षांच्या यझिदी मुलीसाठी. खटल्याच्या केंद्रस्थानी ते मूल होते.

भारताकडे १९६० चा जिनिव्हा करार कायदा आहे. देशाबाहेर केलेल्या गंभीर उल्लंघनांनाही तो शिक्षा सांगतो, पण राष्ट्राराष्ट्रांतल्या युद्धापुरता. सीरियासारखे अंतर्गत युद्ध त्यातून निसटते. तो कायदा वाढवला पाहिजे. परतलेल्या प्रत्येकाला, मग तो कोणत्याही झेंड्याखाली लढलेला असो, तपासात पहिला प्रश्न हा विचारला गेला पाहिजे : तुझ्या ताब्यात कोण होते, आणि त्यांचे तू काय केलेस? शत्रूशी लढलेल्याला दयेचा विचार मिळू शकतो. बांधलेल्या माणसावर हात उचललेल्याला, ध्येय कितीही मोठे असले तरी, तो मागण्याचा अधिकार नाही.