परभाषेतील काव्य आणि सहृदयाचे कर्तव्य

काव्य कोणाचे? ज्याने ते रचले त्याचे, ज्या भाषेत रचले त्या भाषिकांचे, की ज्याच्या अंतःकरणास ते भिडले त्याचे? ग्रंथालयात बसून विचार करणाऱ्यास हा प्रश्न केवळ तात्त्विक वाटेल. परंतु लोंढ्यास बेळगाव-मिरजेकडील, धारवाड-हुबळीकडील आणि कॅसलरॉकचा घाट चढून गोव्याहून येणारा, असे तीन लोहमार्ग एकत्र मिळतात. फलाटावर मराठी, कन्नड व कोकणी या तिन्ही भाषा एकाच वेळी कानी पडतात. अशा गावी हा प्रश्न नित्याच्या व्यवहारातलाच आहे. आम्हांस त्याचे गांभीर्य एका प्रसंगाने शिकविले. तो प्रसंग आम्हांस भूषणावह नाही. तरीही तो सांगणे उचित वाटते.

काही वर्षांमागे आषाढी एकादशीच्या रात्री या भागातील एका देवळात भजन चालले होते. एक अभंग संपला, टाळ क्षणभर थांबले, तोच मागे बसलेल्या एका वृद्ध कन्नड आजींनी आपल्या भाषेतील पद आरंभिले. गळा थकलेला, पण सूर पक्का होता. त्यांचे ध्रुपद जेमतेम एकदा म्हणून झाले असेल, इतक्यात कोणीसे म्हणाले, "आजी, आज अभंग चालू आहेत, ते पद नंतर म्हणा." शब्द सौम्य होते. परंतु ते 'नंतर' कधी यायचे नव्हते, हे म्हणणाऱ्यास ठाऊक होते, आम्हांस ठाऊक होते आणि आजींनाही ठाऊक होते. त्यांनी हात जोडले व त्या गप्प बसल्या. आम्हीही गप्प बसलो.

पुढे एका कन्नड स्नेह्यास त्या ध्रुपदाचे आठवतील तेवढे शब्द सांगितले, तेव्हा ते पुरंदरदासांचे पद असल्याचे कळले. पुरंदरदासांच्या पदांचा शेवट 'पुरंदर विठ्ठल' या मुद्रेने होतो. म्हणजे ज्याच्या एकादशीस आम्ही जमलो होतो, त्याचेच नाव आजींच्या मुखी शेवटच्या चरणात यायचे होते. आणि तेथवर आम्ही त्यांना जाऊ दिले नव्हते.

हे ऐकून मनास जी टोचणी लागली, तिच्यात एक सूक्ष्म दोष होता, हे मात्र फार उशिरा ध्यानी आले. आम्हांस वाईट वाटले ते पदात विठ्ठल होता म्हणून. त्यात विठ्ठल नसता, तर आजींना थांबविणे योग्य ठरले असते काय? परक्याच्या काव्यात आपले काही सापडले तरच ते ऐकण्याजोगे, असे मानणारा मनुष्य परक्याचे काव्य ऐकतच नाही. तो आपलाच प्रतिध्वनी ऐकत असतो. या लेखाचा विषय हाच आहे.

साम्याचा शोध निरर्थक आहे, असे आमचे म्हणणे नाही. ज्ञानदेवांच्या एका प्रसिद्ध अभंगात विठ्ठलास 'कानडा' म्हटले आहे, हे सर्वश्रुत आहे. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथात या दैवताचा दक्षिणेतील धनगर-गवळ्यांच्या लोकदेवतेशी असलेला संबंध विस्ताराने मांडला. मराठी संत नामदेव यांच्या नावाची ६१ पदे शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात आहेत. पंजाबात ती आजही भक्तिभावाने गायिली जातात. आपल्या महिपतींनी 'भक्तविजय' (१७६२) रचताना कबीर व नरसी मेहता यांची चरित्रेही आपल्या ओवीत आणली. संतकाव्याने सीमा फार पूर्वीच ओलांडल्या आहेत. परंतु साम्य हा केवळ दरवाजा होय. दरवाजातच उभा राहणारा मनुष्य घर पाहिल्याचे सांगू लागला, तर ते खोटे ठरेल.

आपल्या शाळांतून व प्रवचनांतून पुष्कळदा असे सांगितले जाते की, बसवेश्वर म्हणजे कन्नडांचे तुकाराम. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परंतु अन्याय मात्र दोघांवरही होतो. तुकोबा सतराव्या शतकातील देहूचे वाणी. विठ्ठलाचे सगुण रूप, पंढरीची वाट व नामसंकीर्तन हा त्यांचा प्राण. बसवेश्वर बाराव्या शतकातील. कल्याण येथे बिज्जळ राजाच्या पदरी उच्च अधिकारावर असलेले. 'कूडलसंगमदेव' ही त्यांची मुद्रा. त्यांच्या वचनांत स्थावर व जंगम असा भेद मांडलेला आहे. श्रीमंत देवालये बांधतील, परंतु भक्ताचा देह हेच देवालय. जे उभे केले ते एक दिवस पडेल, जे चालते-बोलते आहे त्याला नाश नाही, असा त्या विचाराचा आशय आहे. वाचकहो, हे देवालयाच्या पत्रिकेत छापणे आम्हांस सोयीचे नाही. परंतु खरी परीक्षा येथेच आहे. पुरंदरदासांचे पद आमच्या विठ्ठलाचे नाव घेते. ते ऐकण्यास मोठेपणा लागत नाही. बसवेश्वरांचे वचन आमच्या गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर उभे राहून आम्हांसच प्रश्न विचारते. ते 'आपल्यासारखेच' म्हणून गोड करून न घेता, जसे आहे तसे ऐकणे, यास आम्ही रसिकाचा धर्म म्हणतो.

येथे एक आक्षेप संभवतो. काव्याचा प्राण नाद आहे आणि नाद भाषांतरात येत नाही. तेव्हा परभाषेच्या काव्याचे रसग्रहण ही अशक्य गोष्ट आहे, असे कोणी म्हणेल. या आक्षेपात सत्यांश आहे. आपल्या मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा व चार अक्षरांचे चरण येतात आणि दुसऱ्या व तिसऱ्या चरणांच्या अंती यमक जुळते. मराठी कानास चरणाच्या शेवटी यमकाची वाट पाहण्याची सवय झाली आहे. उलट जुन्या कन्नड काव्यात प्रासाचे स्थान चरणाच्या आरंभी असते. प्रत्येक चरणातील दुसरे अक्षर जुळले पाहिजे, असा तेथील नियम. याच लोहमार्गाने हुबळीच्या पुढे गेल्यास गदग लागते. तेथील वीरनारायणाच्या देवळात बसून कुमारव्यासाने भारत रचले, असे परंपरा सांगते. ती षट्पदी ऐकताना आपण शेवटी यमक शोधीत राहतो आणि आरंभी घडणारे नादसौंदर्य कानांवरून निसटून जाते. मग 'यात यमकच नाही' असा निवाडा आपण देतो. दोष काव्याचा नसतो, कानाचा असतो. आणि कान घडविता येतो.

आपल्या साहित्यशास्त्राने ही गोष्ट केव्हाच सांगितली आहे. काव्याच्या नित्य परिशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे तो सहृदय, असे अभिनवगुप्तांचे प्रतिपादन आहे. त्यांनी सहृदयाच्या लक्षणात जन्म, प्रांत वा मातृभाषा यांचा समावेश केला नाही, अभ्यासाचा केला. सहृदयता ही कमावण्याची वस्तू आहे, आणि जी वस्तू कष्टाने कमावता येते ती न कमावणे हा केवळ दुर्दैवाचा भाग राहत नाही. त्यात आपलीही जबाबदारी येते.

कमावणाऱ्यांची उदाहरणे फार दूर शोधावयास नकोत. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यास आला आणि त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. त्याचा हेतू स्वधर्मप्रसाराचा होता हे खरे. तथापि ओवीचा कान त्याने असा कमावला की, मराठी काव्याच्या इतिहासात त्याला स्थान द्यावे लागते. धारवाडचे दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांची घरची भाषा मराठी. पण ते कन्नडचे महाकवी झाले. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना लाभला, आणि मराठीतही त्यांनी ग्रंथरचना केली. बेळगावात काही काळ इंग्रजीचे अध्यापन केलेले ए. के. रामानुजन हे जन्माने तमिळ. त्यांनी कन्नड वचनांचे इंग्रजी भाषांतर 'स्पीकिंग ऑफ शिवा' (१९७३) या नावाने प्रसिद्ध केले आणि ही वचने देशांतरी पोहोचली.

परंतु आम्हांस विशेष जवळचे वाटते ते गुरुदेव रा. द. रानडे यांचे उदाहरण. त्यांचा जन्म १८८६ मध्ये जमखंडीस झाला. अलाहाबाद विद्यापीठात त्यांनी तत्त्वज्ञान शिकविले. १९५७ मध्ये निंबाळ येथे त्यांचे देहावसान झाले. महाराष्ट्रातील संतांच्या साक्षात्कारमार्गावर त्यांनी १९३३ मध्ये ग्रंथ लिहिला. १९५४ मध्ये हिंदी संतकाव्यावरील ग्रंथ आला, आणि निधनानंतर १९६० मध्ये कन्नड संतकाव्यावरीलही प्रसिद्ध झाला. तीन भाषांतील संतांचे शब्द त्यांनी सारख्याच आदराने अभ्यासिले. असे करताना त्यांचे मराठीपण उणे झाले, असे म्हणण्यास कोण धजेल?

सीमाभागात हा प्रश्न अधिक नाजूक आहे, हे आम्ही विसरत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून येथे भाषा हा शाळेचा, कचेरीचा व मानाचा प्रश्न झाला आहे. आपल्या भाषेचा हक्क मागणे हे गैर नाही; ज्याला आपल्या आईचा अभिमान नाही, तो दुसऱ्याच्या आईस काय मान देणार? परंतु हक्काचा वाद ज्या ठिकाणी मांडावयाचा तेथे मांडावा. काव्यास त्या वादातील साक्षीदार करू नये. 'कानडा विठ्ठल' हा शब्द एका पक्षाने पुरावा म्हणून पुढे करावा आणि दुसऱ्याने त्याचा अर्थ फिरवून उत्तर द्यावे, यात जिंकणारा कोणीही असो, अभंग मात्र कोणाच्याच कानी पडत नाही.

मग करावे काय? शिकविणाऱ्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात, असे सुचवावेसे वाटते. पहिली, अर्थ कळो न कळो, पद प्रथम मूळ भाषेत ऐकवावे. नाद आधी कानात बसू द्यावा. दुसरी, त्याचा अर्थ, शक्य तेथे, ती भाषा घरी बोलणाऱ्याच्या तोंडून ऐकावा; आपल्या गावी असा शेजारी शोधावा लागत नाही. तिसरी, तुलना सर्वांत शेवटी करावी, आणि तीत साम्याइतकाच भेदही आदराने सांगावा. मुलांना याने दुसरी भाषा पुरती येईल असे नाही. पण दुसऱ्याचे बोलणे संपेपर्यंत ऐकून घ्यावे, एवढे त्यांना निश्चित कळेल.

त्या आजी पुन्हा देवळात दिसल्या नाहीत. त्यांची क्षमा मागण्याची संधी आम्हांस मिळाली नाही. पुढील एकादशीस टाळ क्षणभर थांबतील आणि मागच्या रांगेतून एखादा अपरिचित शब्द उमटेल, तेव्हा त्यात आपले काय आहे हे न विचारता आपण शेवटच्या चरणापर्यंत कान द्यावा, इतकीच वाचकांस नम्र विनंती आहे. त्या चरणात विठ्ठलाचे नाव आले तर आनंदच आहे. न आले तरीही ऐकणे व्यर्थ गेले, असे होणार नाही.