थंडी आत येते की ऊब बाहेर जाते?

गॅरेजच्या दारातून थंडी आत येते, असे कॅनडातल्या विनिपेग शहरात कोणीही सांगेल. तिथे जानेवारीतल्या रात्री तापमान उणे २० अंश सेल्सिअसच्या खाली उतरणे नित्याचे आहे, आणि घराला चिकटलेल्या गॅरेजचे दोन गाड्यांचे दार साधारण १६ फूट रुंद व ७ फूट उंच असते. घराला एवढे मोठे भोक दुसरे नसते. ‘थंडी आत येते’ या वाक्यात थंडी कर्ता आहे. भौतिकशास्त्राचे पाठ्यपुस्तक हे वाक्य खोडून ‘ऊब बाहेर जाते’ असे लिहील, कारण त्याच्या लेखी थंडी नावाची वस्तूच नाही. आहे तो उष्णतेचा अभाव. हा फरक वाटतो तितका शाब्दिक नाही. ऊब बाहेर जाते असे धरणारा नवे दार घेताना त्याची जाडी पाहतो, थंडी आत येते असे धरणारा त्याच्या कडा पाहतो. आणि जे नाही ते ‘असते’ का, नसलेल्या गोष्टीला अडवता येते का, हा तर तत्त्वचिंतकांना आणि धर्मचिंतकांना फार जुन्या काळापासून छळणारा प्रश्न आहे.

भारतीय दर्शनांत हा वाद रंगला तो अंधारावरून. भाट्ट मीमांसकांनी अंधाराला द्रव्य मानले: त्याला काळा रंग दिसतो, दिवा हलला की तो सरकताना दिसतो, ज्याला गुण आणि क्रिया आहे ते द्रव्य. वैशेषिकांनी हे नाकारले. अंधार म्हणजे प्रकाशाचा अभाव, आणि सरकतो तो दिवा, अंधार नव्हे. गंमत अशी, की अंधाराला अभाव ठरवणारे हेच वैशेषिक थंडीच्या बाबतीत मात्र उलट बाजूला उभे राहिले. त्यांच्या मते स्पर्श तीन प्रकारचा: उष्ण स्पर्श तेजाचा, शीत स्पर्श पाण्याचा, आणि पृथ्वी व वायू यांचा स्पर्श ना उष्ण ना शीत, म्हणजे अनुष्णाशीत. शीतलता हा पाण्याचा खरा, भावरूप गुण. मग वारा गार का लागतो? त्यात मिसळलेल्या जलकणांमुळे. नदीवरून येणाऱ्या झुळुकीपुरते हे निरीक्षण चोख आहे. विनिपेगमध्ये ते अडचणीत येते, कारण उणे ३० अंशाच्या हवेत बाष्प जवळजवळ नसतेच. सर्वांत कोरडी हवाच तिथे सर्वांत बोचरी असते.

तरीही या मताला वेड्यात काढता येणार नाही. डोळ्याला अंधार ‘मिळत’ नाही, पण त्वचेला थंडी मिळते. त्वचेत गारव्यासाठी वेगळे ग्राहक असतात. मेन्थॉलच्या साहाय्याने असा एक ग्राहक, टीआरपीएम८, २००२ मध्ये ओळखला गेला, आणि तापमान व स्पर्श यांच्या ग्राहकांवरील संशोधनासाठी डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पाटापुटियन यांना २०२१ चे नोबेल मिळाले. म्हणजे बाहेर जो अभाव आहे त्याची बातमी शरीर भावरूपानेच देते.

युरोपातही थंडी बराच काळ वस्तूच होती. अ‍ॅरिस्टॉटलने उष्ण आणि शीत या दोघांनाही क्रियाशील गुण मानले. सतराव्या शतकात गासेंदीने थंडीचे वेगळे अणू कल्पिले, तर रॉबर्ट बॉइलने १६६५ मध्ये थंडीवर मोठा ग्रंथच लिहिला आणि असे कण मानण्याबद्दल शंका घेतली. १७९० च्या सुमारास जिनिव्हात पिक्ते याने दोन अंतर्वक्र आरसे समोरासमोर ठेवले, एकाच्या नाभीपाशी तापमापक आणि दुसऱ्याच्या नाभीपाशी बर्फाचे भांडे. तापमापकातला पारा उतरला. थंडीचे किरण आरशावरून परावर्तित होऊन पोचले, असेच पाहणाऱ्याला वाटावे! प्रेव्होस्तने १७९१ मध्ये उलगडा केला: प्रत्येक वस्तू सतत उष्णता फेकत आणि झेलत असते, तापमापक बर्फाला जितके देत होता तितके त्याला परत मिळत नव्हते. हाच प्रयोग विनिपेगमधल्या गॅरेजात दर हिवाळ्यात आपोआप घडतो. एकेरी पत्र्याच्या दारापाशी उभे राहिले की वारा नसतानाही दाराकडून गारठा अंगावर येतो असे वाटते. प्रत्यक्षात अंगाची ऊब पत्र्याकडे जात असते आणि परतफेड होत नसते.

धर्मचिंतनात थंडी शिरली ती दुष्टतेच्या प्रश्नातून. ईश्वर चांगला आणि सर्वांचा कर्ता असेल, तर वाईट कोणी निर्माण केले? मानी पंथाचे उत्तर सरळ होते: प्रकाश आणि अंधार ही दोन खरी तत्त्वे आहेत आणि त्यांचे युद्ध चालू आहे. या पंथात सुमारे नऊ वर्षे काढलेल्या ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टिनने पुढे ते उत्तर टाकले. वाईट ही वस्तू नाही, चांगल्याची उणीव आहे, जसे आजारपण म्हणजे आरोग्याची उणीव. आणि जे वस्तूच नाही त्याचा कर्ता शोधायचा प्रश्न उरत नाही. आजच्या प्रवचनांत या मताला थंडीचा दृष्टान्त जोडला जातो, आणि उद्धट प्राध्यापकाला निरुत्तर करणाऱ्या विद्यार्थ्याची एक गोष्ट आइन्स्टाइनच्या नावावर खपवली जाते. ती त्याची नाही. दृष्टान्तही वाटतो तितका सोपा नाही. दार बसवणाऱ्याला त्यातली खोट चटकन दिसावी.

ती दिसण्यासाठी आधी दाराची जाडी पाहावी लागते. थंड प्रदेशात विकल्या जाणाऱ्या दारांवर ‘आर-व्हॅल्यू’ छापलेली असते: उष्णतेला होणारा विरोध. एकेरी पत्र्याचे दार सुमारे १; दोन पत्र्यांमध्ये पॉलिस्टायरीनचा थर असलेले साधारण ६ ते ९; पॉलियुरेथेनचा फेस भरलेले १२ ते १८. गॅरेज ४ अंशांवर राखले आणि बाहेर उणे २९ असेल, तर १६ बाय ७ फुटांच्या दारातून जाणारी उष्णता आर १ असताना सुमारे २,००० वॉट, ९ असताना २२० आणि १८ असताना ११० वॉट भरते. पहिल्या उडीने पावणेदोन हजार वॉट वाचतात, दुसरीने एका जुन्या धाटणीच्या दिव्याइतके. दुकानात मात्र ९ वरून १८ वर जाण्यासाठीच सर्वांत जास्त आग्रह होतो. शिवाय छापलेला आकडा बहुधा फळीच्या मध्यभागाचा असतो. जोड, बिजागऱ्या आणि कडा धरून अख्ख्या दाराचा आकडा त्याहून बराच कमी निघतो. आतला आणि बाहेरचा पत्रा कडेला एकमेकांना टेकत असेल, तर फेस कितीही जाड असला तरी ऊब त्या धातूच्या पुलावरून निघून जाते. म्हणून दोन्ही पत्र्यांमध्ये उष्णतारोधक तुटक जोड आहे का, हे आकड्याआधी विचारायला हवे.

त्याहून आधीचा प्रश्न, अडवायचे ते मुळात आहे का, हा न्यायशास्त्राने शिकवलेला आहे. नैयायिकांच्या मते निव्वळ अभाव असे काही नसते. प्रत्येक अभावाला प्रतियोगी हवा, म्हणजे ज्याचा अभाव ते, आणि अनुयोगी हवा, म्हणजे जिथे अभाव ते. जमिनीवर घट नाही, या ज्ञानात घट प्रतियोगी आणि जमीन अनुयोगी. प्राभाकर मीमांसक म्हणत, अभाव वेगळा मानायची गरज नाही, मोकळी जमीन दिसते तेवढेच पुरे. कुमारिलाच्या भाट्ट परंपरेने अभावाच्या ज्ञानासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाणच मानले. घरापासून वेगळ्या आणि न तापवलेल्या गॅरेजला आर १८ चे दार बसवले, तर राखायची ऊब मुळात आत नसते. प्रतियोगीच हजर नसताना त्याला अडवायला पैसे दिले जातात. गॅरेज घराला चिकटलेले असेल, किंवा त्याच्यावर झोपायची खोली असेल, तर हिशेब पूर्ण बदलतो.

एवढ्यापर्यंत पाठ्यपुस्तकाचे वाक्य जिंकते. फळीतून थंडी येत नाही, ऊब जाते. पण दाराला कडा असतात. चारही बाजूंची लांबी ४६ फूट. त्या सगळ्या लांबीत इंचाचा आठवा भाग एवढीच फट राहिली, तर तिचे क्षेत्रफळ ६९ चौरस इंच होते, म्हणजे भिंतीत सव्वाआठ इंच लांब-रुंद भोक रात्रंदिवस उघडे. त्यातून जे येते ते अभाव नसते. ती हवा असते, वजन असलेली, वाऱ्याने ढकललेली, आणि घरातली गरम हवा वर चढून निसटत असल्यामुळे खालून ओढली गेलेली. इथे ‘थंडी आत येते’ हे वाक्य अक्षरशः खरे आहे. फक्त अभाव एका द्रव्याच्या पाठीवर बसून येतो.

ऑगस्टिनच्या मताला जोडलेला थंडीचा दृष्टान्त इथेच अपुरा पडतो. वाईट म्हणजे उणीव, हे मान्य केले तरी ती उणीव कोणावर स्वार होऊन येते, हे शिल्लक राहते, आणि बाधित माणसाला फटीतून येणाऱ्या वाऱ्याचा जाच असतो, व्याख्येचा नव्हे. उत्तरकालीन अद्वैत्यांनी अज्ञानाबद्दल हेच ओळखले असावे. अज्ञान म्हणजे नुसता ज्ञानाचा अभाव असता, तर त्याने दोरीवर साप उभा केला नसता. म्हणून त्यांनी अज्ञानाला भावरूप म्हटले. अभावाचे आणि भावाचे अशी दोन्ही मते एकाच दाराच्या दोन भागांबद्दल, फळी आणि कड यांबद्दल, बोलत आहेत, असे मानायला हरकत नाही.

बसवण्याचे काम याच दोन भागांना धरून चालते. जुने दार काढताना आधी वरच्या पीळदार स्प्रिंगमधला ताण सोडावा लागतो. दोन गाड्यांच्या दाराचे जवळजवळ सगळे वजन तिने पेललेले असते, आणि ताण सोडताना निसटलेली सळई हात मोडू शकते, म्हणून हे काम कारागिरावरच सोपवावे. नवे दार जड असते, तेव्हा जुनी स्प्रिंग चालत नाही. ती वजनाशी जुळवूनच घ्यावी लागते. साधी स्प्रिंग सुमारे १०,००० उघडझापींची असते. सर्वांत खालची फळी पाणसळीने समतल बसवून त्यावर बाकीच्या चढवतात, मग रूळ, चाके, बिजागऱ्या. मोटर जोडण्यापूर्वी दार हाताने अर्ध्यावर नेऊन सोडतात. ते तिथेच थांबले तर स्प्रिंग जुळली. चौकटीवरची पट्टी दाराला हलकेच टेकेल अशी शेवटी ठोकतात. ती घट्ट दाबली तर दार अडते, सैल ठेवली तर वर हिशेबात आलेली फट तयार होते. व्हायनिलची पट्टी कडाक्याच्या थंडीत ताठरते, ईपीडीएम रबर लवचीक राहते. पट्टीच्या दरातला फरक दाराच्या किमतीपुढे किरकोळ असतो, आणि आर ९ वरून १८ वर जाण्याचे पैसे इथे खर्च करणे शहाणपणाचे.

दार हवाबंद होत गेले की गॅरेज आणि घर यांच्यामधले आतले दार महत्त्वाचे ठरते. गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, गंधहीन असतो; मोठे दार उघडे असले तरी गाडी आत चालू ठेवून तापवू नये, आणि आतल्या दाराला पट्टी व आपोआप मिटणारी बिजागरी हवी. तिथल्या मराठी घरांत तोरण पुढच्या दाराला असते, पण हिवाळ्यात माणसे रोज ये-जा करतात ती या आतल्या दारातून. उंबरठा म्हणायचा तर खरा तोच.

खालच्या कडेला मात्र वैशेषिकांचे म्हणणे सहीसही पटते. गाडीच्या चाकांवरून गळलेले बर्फाचे पाणी दारातल्या रबराखाली जमते आणि रात्री गोठून दाराला फरशीशी चिकटवते. तिथे थंडीला खरोखर द्रव्य असते, आणि ते पाणीच असते. वैशेषिकसूत्रात पाणी गोठणे आणि वितळणे या दोन्हींचे कारण तेजाशी संयोग हेच सांगितले आहे. गोठण्याचे श्रेय तेजाला देणे विचित्र वाटते, पण तेजाच्या येण्याजाण्याचाच हा व्यवहार आहे, एवढे त्यातून निघते. अशा सकाळी मोटरचे बटण दाबले तर रबर फाटून खाली राहते किंवा मोटरचे दाते झिजतात. आधी मोटर सोडवून, कोमट पाण्याने नव्हे, कारण तेही गोठते, तर लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने कड मोकळी करावी, मगच दार उचलून फरशी कोरडी पुसावी आणि रबरावर सिलिकॉनचा फवारा मारावा.